कोंडाबाईची चिठ्ठी

“दोन द्या, बोरखडी फाटा,” तबीथाबाई कंडक्टरला म्हणाल्या आणि तिकिटं माझ्या हातात कोंबून वाटेच्या बाजूला बसल्या. मला खिडकी दिली ती काही मायेनं नव्हे. मधल्या एखाद्या थांब्यावर मी उतरून पळेन अशी त्यांना भीती होती, आणि ती अगदीच खोटी होती असं मी आज म्हणणार नाही.

मी तेव्हा तेवीस वर्षांची. नाव सुवार्ता पाटोळे, बाप ख्रिस्ती देवळाचा पाळक, मिशन हॉस्पिटलचा पांढरा युनिफॉर्म अंगावर चढून जेमतेम दीड वर्ष झालेलं. तोंड फटकळ. सत्तरी उलटली तरी फटकळच आहे, पण तेव्हाची तऱ्हाच वेगळी होती. देवाला काय म्हणायचंय ते मला त्याच्या आधी कळतं, असं मला वाटायचं.

“तिला सांगू काय मी?” गाडी हलल्यावर मी विचारलं.

“केलंस ते सांग.”

“ती मला दारात उभी करायची नाही.”

“मग अंगणातून सांग.”

“तुम्हीच सांगा ना तबीथाबाई. तुम्हाला चांगलं बोलता येतं. शिवाय लोक तुम्हाला मानतात.”

त्यांनी मांडीवरची पिशवी सारखी केली. “देवाच्या नावानं खोटी सही तू केलीस, पोरी. ती खोडायला मी कशी जाऊ?”

 मी खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर नुसती कुसळं आणि बोडके माळ होते.

तबीथाबाई आढाव आमच्या हॉस्पिटलच्या बायबलबाई. म्हणजे त्यांनी वॉर्डात खाटेखाटेशी जाऊन बसायचं, रोग्याचं गाऱ्हाणं ऐकायचं, त्याला हवं असेल तर शास्त्रातल्या दोन ओळी वाचायच्या आणि प्रार्थना करायची. साठीच्या पुढच्या, विधवा, अंगावर नऊवारी आणि पायात कॅनव्हासचे बूट. नवऱ्याच्या मागं दोन लेकरं त्यांनी स्वतःच्या हातानं मातीआड केली होती, पण हे मला त्यांच्या तोंडून कधी कळलं नाही. त्यांच्याजवळ तपकिरीची एक जुनी डबी असायची. तपकीर केव्हाच गेलेली. आत शास्त्रातली वचनं लिहिलेल्या बारीक चिठ्ठ्या, विडीएवढ्या गुंडाळ्या करून ठेवलेल्या. आम्हा ख्रिस्ती लोकांत वर्ष सरताना देवळात अशी चिठ्ठी उचलायची रीत आहे. ज्याला जी येईल ते त्याचं वर्षाचं वचन. तबीथाबाईंची डबी मात्र बारमाही होती. रोग्यानं चिठ्ठी उचलायची, यांनी वाचून दाखवायची.

त्यात त्यांचा एक नियम होता. लिहिलंय तेवढं वाचायचं. त्याचा अर्थ लावायचा नाही. “अर्थ लावायला ज्याचं दुखतंय तो समर्थ आहे,” असं त्या म्हणायच्या. मला तो नियम म्हातारीचा हेका वाटायचा.

गोदी आली ती माघात. सात वर्षांची पोर. बाभळीचा काटा टाचेत मोडला, घरच्यांनी बिब्बा घालून बांधला आणि विसरले. आठ दिवसांनी तोंड उघडेना. धनुर्वात. बाप ऊसतोडीला दूर गेलेला, म्हणून आई एकटीच तिला बैलगाडीत घालून घेऊन आली. ती कोंडाबाई. अठ्ठावीस-तीसची असेल, काटकुळी, आणि बोलायला भारी. गाडीतून उतरल्यापासून तिचं तोंड चालू होतं. गोदीशी, बैलांशी, आमच्या आयाशी, सगळ्यांशी ती बोलत होती.

धनुर्वाताच्या रोग्याला आम्ही काळ्या खोलीत ठेवायचो. खिडक्यांना काळं कापड, दाराला जाड पडदा. जरा उजेड लागला, भांडं वाजलं, कुणी दचकून हात लावला, की रोग्याचं अंग धनुष्यासारखं ताठ होतं आणि त्यातच श्वास अडकतो. म्हणून आत चप्पल नाही, बांगडी नाही, शब्द नाही. डॉक्टरीणबाईंनी कोंडाबाईला हे सांगायचं काम माझ्यावर टाकलं.

“हात लावायचा न्हाई?” तिनं विचारलं.

“नाही.”

“बोलायचं बी न्हाई?”

“अगदीच लागलं तर दाराशी, कुजबुजत. तिला ऐकू जाता कामा नये.”

“अवो शिस्टर, तिला आंधाराचं भ्या वाटतं. म्या बोलत आसले म्हंजी तिला झोप लागती. म्या न्हाई बोलले तर तिला वाटंल आईनं टाकलं.”

मी तिला समजावलं. खरं सांगायचं तर दटावलं. तिनं हातातल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या, पदरात बांधल्या आणि पडद्याबाहेर भिंतीला टेकून बसली. तिच्या तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच. तीन दिवस ती तिथून हलली नाही. आतून पोरीच्या दातांचा कडकड आवाज आला की ही पदराचा बोळा तोंडात घालायची. मला ते बघवेना.

चौथ्या दिवशी तबीथाबाई पुरुषांच्या वॉर्डात गेल्या होत्या आणि त्यांची डबी औषधांच्या टेबलावर राहिली होती. मी ती उचलली आणि कोंडाबाईपुढं धरली. “एक चिठ्ठी काढा,” मी म्हटलं. “देव काय म्हणतो बघू.”

तिनं काढली. मी उलगडली. चिठ्ठीवर एकच ओळ होती: भिऊ नकोस, मी तुझ्याजवळ आहे.

बस, एवढंच. पण कोंडाबाई माझ्या तोंडाकडं अशी बघत होती की एवढंच सांगायला मला लाज वाटली. तेवढ्यानं तिचं काय भागणार? आणि मला आतून अगदी खात्री वाटली, की याचा अर्थ एकच. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी म्हटलं, “कोंडाबाई, देवानं सांगितलंय. तुमची गोदी वाचणार.”

“आसं लिवलंय?”

“हो. तुम्ही फक्त गप्प राहा. ती बरी झाली की मग काय बोलायचं ते बोला.”

तिनं चिठ्ठी डोळ्यांना लावली आणि पदराच्या गाठीत बांगड्यांशेजारी बांधली. त्या दिवसापासून ती पडद्याबाहेर अशी गप्प बसायची की जणू आपण जितकं गप्प राहू तितकी पोर वाचेल, असा तिनं हिशेबच बांधला होता. पाणी हवं असलं तरी खुणेनं मागायची.

आणि गोदी खरंच सुधारायला लागली. आठव्या दिवशी, बुधवारी, तिचा जबडा बोटभर उघडला. चमच्यानं पाणी घेतलं तिनं. झटके दोन-तीन तासांनी एखादा. मी बाहेर येऊन कोंडाबाईला म्हटलं, “आता भीती टळली. जा, ओढ्यावर जाऊन अंग धुऊन या, दोन घास खा. आठ दिवस झाले.” ती हलेना. मी तिच्या दंडाला धरून उठवलं. मीच उठवलं.

बुधवारी संध्याकाळी देवळात प्रार्थनासभा असायची. तीत ज्याला प्रभूचा अनुभव आला असेल त्यानं उभं राहून साक्ष द्यायची. माझ्या पोटात साक्ष मावेना. “तुम्ही जरा बसता का आत?” मी तबीथाबाईंना विचारलं. वॉर्डात दुसरी नर्स होतीच. तबीथाबाई म्हणाल्या, “साक्ष पुढच्या बुधवारी दे. पोर चालत घरी जाऊ दे आधी.”

“विश्वास म्हणजे आधीच आभार मानणं,” मी त्यांना सुनावलं. पाळकाची लेक ना मी! त्यांनी बूट काढले आणि पडदा सारून आत गेल्या.

मी सभेत उभी राहिले. प्रभूनं एका लेकराला मरणातून ओढून कसं काढलं, मला आधीच वचन कसं दिलं, सगळं सांगितलं. वडील पुढच्या बाकावर होते. त्यांनी डोळे पुसले. सगळी मंडळी आमेन म्हणाली. स्तुतीचं गीत सुरू झालं. दुसरं कडवं चाललं होतं तेव्हा दारात आमची आया दिसली. ती मला हातानं बोलावत होती. मी गीत अर्ध्यात सोडून तिच्यामागं धावले.

गोदी गेली होती. एकच झटका आला होता, गळ्यातच. डॉक्टरीणबाई धावत आल्या होत्या, पण हाती काही लागलं नव्हतं. कोंडाबाई ओढ्यावरून ओलं लुगडं खांद्यावर टाकून परत येत होती, तिला फाटकाशी कळलं.

मी काय केलं ते सांगते. मी चादरींच्या खोलीत जाऊन कडी लावून बसले. कोंडाबाईनं विचारलं म्हणे, “त्या शिस्टर कुटं हायेत?” कुणीतरी सांगितलं, त्यांची ड्यूटी संपली. मला खिडकीच्या फटीतून बैलगाडी दिसली. कोंडाबाई गाडीत बसली होती, पोर मांडीवर. रडत नव्हती. ओठ हलत होते फक्त.

पुढचे तीन आठवडे कसे गेले विचारू नका. जो तो मला येऊन सांगायचा, देवाची इच्छा. ते ऐकून माझं डोकं फिरायचं. इच्छा कुणाची होती आणि बोललं कोण, हे मला एकटीला माहीत होतं. गुडघे टेकले की शब्दच फुटेना. शेवटी मी राजीनाम्याचा कागद लिहिला आणि तबीथाबाईंना दाखवला. त्यांनी तो वाचला, चौकोनी घडी घातली आणि म्हणाल्या, “हा नंतर दे. आधी उद्या बोरखडी, कोंडाबाईकडं.”

फाट्यावर उतरून दोन मैल चालायचं होतं. ऊन चढलेलं. अर्ध्या वाटेत मी एका दगडावर बसले.

“तबीथाबाई, माझ्यासाठी प्रार्थना करा. मला येत नाही आता.”

“नाही येत तर गप्प बस.”

“गप्प बसून काय होणार?”

“गप्प बसलेलंही त्याला ऐकू येतं,” त्या म्हणाल्या. मग त्याही शेजारच्या दगडावर बसल्या, पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि आधी मला दिली.

गावाच्या टोकाला उसाच्या पाचटानं शाकारलेलं घर होतं. ओट्यावर एक म्हातारी शेंगा फोडत होती, कोंडाबाईची सासू. माझा पांढरा युनिफॉर्म बघून तिचे हात थांबले. मला वाटलं, आता ही शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“आलात व्हय,” म्हातारी म्हणाली. “बसा. पर तिचं काय बी खरं न्हाई बायांनो. घसा बसलाय का येड लागलंय, कळंना. पोर पुरून आली तवाधरनं कुजबुजतीया. मोठ्यानं बोलत न्हाई, रडत न्हाई. भांडं बी वाजू देत न्हाई. माझा पोरगा ऊसावरनं आला, डोस्कं आपटून रडला. ही त्याच्या तोंडावर हात ठिवती.”

मी तबीथाबाईंकडं बघितलं. त्यांनी नजर दुसरीकडं वळवली. मी एकटीच आत गेले.

घरात उजेड कमी होता. एका खिडकीला तिनं घोंगडी टांगली होती. कोंडाबाई जात्याशेजारी बसलेली. मनगटं उघडी. बांगड्या अजून पदराच्या गाठीतच होत्या, मला त्या गाठीचा फुगवटा दिसला.

“शिस्टर,” ती कुजबुजली. तिच्या आवाजात राग नव्हता. “बसा.”

मी जमिनीवर बसले. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं विसरले. तिनं गाठ सोडली, बांगड्या आवाज न करता बाजूला ठेवल्या आणि ती गुंडाळी काढली. घामानं, पाण्यानं पार मऊ झालेली.

“हिच्यात काय लिवलंय ते पुन्यांदा सांगा,” ती म्हणाली. “म्या समदं पाळलं वो. येक सबुद बोलले न्हाई. मग कुटं चुकलं?”

आजवर मला पुष्कळ लोक पुष्कळ बोललेत, पण ह्या प्रश्नाएवढं मला काही लागलेलं नाही. पोर गेली, आणि ही माय तीन आठवडे स्वतःची चूक शोधत होती.

“तुमचं काही चुकलं नाही,” मी म्हटलं. “माझं चुकलं. यात गोदी वाचणार असं लिहिलेलंच नव्हतं.”



“मग तुमी का सांगितलं?”

“तुमच्याकडं बघवेना म्हणून. आणि मला वाटलं, मला देवाचं कळतं. मी खोटं बोलले, कोंडाबाई. तुम्हाला ओढ्यावर मी पाठवलं. तुम्ही शोधत होतात तेव्हा मी लपून बसले होते.”

बाहेर म्हातारीच्या हातातली शेंग फुटल्याचा आवाज आला. कोंडाबाईनं चिठ्ठी माझ्यापुढं धरली.

“मग लिवलंय काय? हाय तसं वाचा.”

मी उलगडली. शाई फुटली होती, पण अक्षरं लागत होती. “भिऊ नकोस, मी तुझ्याजवळ आहे.”

“आजून?”

“एवढंच.”

“ह्ये कुनाला म्हनतोय त्यो? मला का तिला?”

माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं. गोड, पाळकाच्या लेकीला शोभेल असं. ते मी गिळलं. “मला माहीत नाही,” मी म्हटलं. “लिहिलंय तेवढंच मला माहीत आहे.”

तिनं चिठ्ठी माझ्या हातातून घेतली आणि अक्षर येत नसताना त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “तिच्यासंगं कोन व्हतं? शेवटाला?”

“मी होते,” दारातून तबीथाबाई म्हणाल्या. त्या केव्हा आत आल्या होत्या, मला कळलं नव्हतं. बूट बाहेर काढून आलेल्या. त्या कोंडाबाईसमोर गुडघ्यांवर बसल्या. “झटका आला तसा मी तिचा हात धरला. नियम मोडला. तिनं माझं बोट घट्ट धरलं. बोलले मी काहीच नाही. शेवटपर्यंत सोडलं नाही तिनं.”

“आन् तुमी?”

“मीही नाही सोडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेव्हा सोडलं.”

कोंडाबाईनं तबीथाबाईंचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. उलटा केला, सुलटा केला. कामानं रापलेला, खरबरीत हात होता तो. तिच्या स्वतःच्या हातासारखाच.

“आंधार व्हता न्हवं तितं?”

“होता.”

“मग तिला वाटलं आसंल, आईच हाय.”

 तबीथाबाईंनी अर्थ तेव्हाही लावला नाही. त्यांच्या डोळ्यांतून मात्र धारा लागल्या होत्या, आणि त्या पुसायला हात मोकळा नव्हता.

“मग तिलाच म्हनला आसंल त्यो,” कोंडाबाई म्हणाली. “म्या नव्हते तवा.” तिनं चिठ्ठी पुन्हा गुंडाळली. मग माझ्याकडं वळली आणि त्याच कुजबुजत्या आवाजात, काळ्या खोलीच्या पडद्याबाहेर पाणी मागायची तशी अदबीनं, तिनं मला विचारलं, “शिस्टर, आता बोललं तर चालंल?”

मी म्हटलं, “बोला.”

ती उठली. खिडकीवरची घोंगडी ओढून काढली. ओट्यावर गेली आणि दिवेलागणीला पोरीला घरी बोलवायची तशी मोकळ्या गळ्यानं हाक मारली, “गोदेऽऽ, ये गोदेऽऽ!”

त्या आवाजानं आळीतली कोंबडी उडाली. शेजारच्या बाया दारात आल्या. कोंडाबाई हाका मारत राहिली आणि हाका मारता मारता रडायला लागली, आणि सासूनं शेंगांचं सूप बाजूला सारून तिला पोटाशी धरलं. मी घरात जमिनीवर बसून राहिले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझे हात आपोआप जोडले गेले. शब्द मात्र तेव्हाही आले नाहीत. आले नाहीत तरी कुणीतरी शेजारी बसलंय असं वाटत होतं, आणि तबीथाबाई तर बाहेर ओट्यावर होत्या.

निघताना कोंडाबाईनं आम्हाला गूळपाणी दिलं. चिठ्ठी परत केली नाही. “ही म्या ठिवते,” म्हणाली, मोठ्यानं.

राजीनामा मी दिला नाही. तबीथाबाई गेल्या तेव्हा डबी माझ्याकडं आली, आणि चौतीस वर्षं मी ती वॉर्डातून फिरवली. लोक चिठ्ठी काढायचे, माझ्या तोंडाकडं बघायचे, कोंडाबाईनं बघितलं होतं तसंच. मी वाचून दाखवायचे आणि गप्प बसायचे. आणि ज्याच्या खाटेशी दुसरं कुणी नसेल, त्याचा हात धरून बसायचे. कुणाला त्या अंधारात तो कुणाचा हात वाटला असेल, ते मी कधी विचारलं नाही.